तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटावर एवढा राग, तरी तोच खेळ का सुचवता?

‘रिटर्न टू मंकी आयलंड’ या चाच्यांच्या व्हिडिओ गेमचा शेवट तुम्हाला इतका खुपतो, तर भेटेल त्याला तोच खेळ घ्यायला का सांगता? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट उत्तर देते. मात्र तो शेवट मला पुन्हा समजावून सांगू नका. तो मला कळलाय. कळला म्हणूनच लागला.

‘1991च्या शेवटाची बाजू तर तुम्हीच घेत होतात!’ हो, घेत होते. या मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस नायक गायब्रश आणि भुताटकी चाचा लेचक हे दोघे कट्टर वैरी अचानक अम्युझमेंट पार्कमधली दोन भावंडं होतात. लोक भडकले होते, आणि मी मात्र त्या शेवटासाठी हिरिरीने भांडले. आजही भांडेन. तिथे चकीच्या, म्हणजे पोर झालेल्या लेचकच्या, डोळ्यांत काहीतरी अघोरी चमकून गेलं होतं. गायब्रशची पुढे बायको झालेली एलेन डिंकी बेटावर खजिन्याच्या खड्ड्याच्या काठाशी उभी राहून विचार करत होती, लेचकने गायब्रशवर काही जादू तर केली नसेल? म्हणजे संशयाला जागा होती आणि समुद्र अजून खरा होता. पुढे मालिकेचा निर्माता रॉन गिल्बर्ट खेळ बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडला. 1997 साली तिसरा भाग दुसऱ्यांनी केला आणि ते पार्क लेचकची करामत ठरवून मोकळे झाले. गिल्बर्टच्या मनात खरं काय होतं, हा प्रश्न 2022पर्यंत, म्हणजे त्याने स्वतः ‘रिटर्न’ करेपर्यंत, तसाच लोंबकळत राहिला.

आता ‘रिटर्न’च्या शेवटाकडे, त्या गल्लीकडे येते. मंकी बेटाच्या पोटात शिरून, कोडी सोडवत शेवटचं दार उघडलं. पलीकडे ‘मेले’ नावाच्या भलत्याच बेटावरची मागची गल्ली! मला वाटलं, इथून पुढे खरी लढाई. रस्त्यावर आले, तर ओळखीची माणसं म्हणजे यंत्रावर चालणारे पुतळे, म्हणजे हेही पार्कच. जुनी जहाजं विकणारा, मग वापरलेल्या शवपेट्या विकणारा तो स्टॅन येतो, किल्ल्या हातात ठेवतो आणि जाताना दिवे बंद करायला सांगतो. ज्यासाठी सगळी धावपळ केली, ते मंकी बेटाचं रहस्य म्हणून पेटीत टी-शर्ट निघतो. पहिल्या भागातही मेले बेटाचा खजिना म्हणून टी-शर्टच मिळाला होता. तो विनोद मला तेव्हा आवडला होता, कारण पुढे अख्खं मंकी बेट बाकी होतं. इथे पुढे फक्त दिव्यांचा स्विच होता.

मी तो बराच वेळ दाबला नाही. लेचक येईल असं वाटत होतं. सगळ्या खेळभर तोही त्याच रहस्याच्या मागावर आहे, त्यासाठी काहीही करायला तयार आहे, त्याच्याशी एक शेवटची गाठ तर पडेल? पडत नाही. तो सामना होतच नाही. शेवटी दिवे मीच विझवले, आणि हेच मला सहन होत नाही. गोष्ट संपवणं एकवेळ ठीक, पण ती माझ्या हातून का बंद करवून घ्यायची?

मग बाकावर गायब्रश आणि त्याचा मुलगा. मुलालाही शेवट पटत नाही. आपली तक्रार त्यांनी आधीच ओळखून एका पोराच्या तोंडी घालून ठेवलीय, हे पाहून मी खरंच दुखावले. आता मी काहीही म्हटलं तरी ते बालिशच ठरणार. संवादात आपण काय निवडतो त्यावर शेवटाच्या छटा बदलतात, हे मला माहीत आहे. छटांनी माझं समाधान झालं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गिल्बर्टने स्वतः सांगितलंय की मूळ खेळ डिस्नेलँडच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडवरून सुचला. 1967 साली सुरू झालेल्या त्या राइडमध्ये होडी पुढे सरकत राहते, यांत्रिक चाचे आपापली ठरलेली हालचाल करत असतात, आणि गिल्बर्टला वाटायचं, इथेच उतरावं, यांच्यात जाऊन राहावं. 1990चा पहिला भाग म्हणजे ते उतरणं. पुतळ्यांची माणसं झाली, ती आपल्याशी बोलली, हुज्जत घालू लागली. 2022 साली त्याच माणसांचे पुन्हा पुतळे केले आणि आपल्याला होडीत नेऊन बसवलं. वर्तुळ पूर्ण झालं म्हणतात. झालं असेल. मला ते वर्तुळ नको होतं.

तरीही खेळ संपल्यावर खेळातल्या स्क्रॅपबुकमध्ये गिल्बर्ट आणि त्याचा सहलेखक डेव्ह ग्रॉसमन यांचं पत्र उघडतं, ते वाचताना डोळे भरून आले, हेही लपवत नाही. दोघांनी हे मनापासून केलंय, आपल्याला टोपी घातलेली नाही. गायब्रश आणि एलेन यांचा संसार इतक्या मायेने रंगवलाय की तेवढ्यासाठीही मी हा खेळ कुणालाही देईन. देतेच.

आणि दुसरं कारण स्वार्थी आहे. त्या गल्लीत आणखी किती जण स्विचपाशी अडखळतात, हे मला पाहायचंय. अडखळणारा प्रत्येक जण माझ्या बाजूचा, असं मी एका मैत्रिणीला म्हटलं. ती म्हणाली, तुला अडखळवणं हेच तर त्या शेवटाचं काम होतं, म्हणजे तो जमलाय. तिचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही. पण लेचकचं पुढे काय झालं, हे तिलाही सांगता आलं नाही.