आमची वाटचाल : पाचोळेवाले

आम्ही झाडांच्या वाळक्या पाल्याचं खत करतो आणि गच्ची-गॅलरीतल्या बागा भरून देतो. बोर्डावर आमचं नाव वेगळंय, पण पुण्यात त्या नावाने आम्हाला कोणी ओळखत नाही. सोसायटीच्या गेटवर टेम्पो लागला की वॉचमन आत फोन करतो, "पाचोळेवाले आलेत", आणि निम्म्या कस्टमरनी मोबाईलमध्ये पण हेच नाव सेव्ह केलंय. सुरुवातीला राग यायचा, म्हणजे बघा, एवढा खर्च करून बोर्ड रंगवला, मेव्हण्याच्या पोराला बसवून लोगो काढून घेतला, त्यात एक पान आणि एक सूर्य, आणि लोक म्हणणार पाचोळेवाले. आता आमची ही बिलावर पण तेच लिहिते.

मी मूळचा फिटर. आयटीआय झाल्यापासून भोसरीला एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात चौदा वर्षं काढली. २०१४ ला तिथल्या ऑर्डरी आटल्या, पगार दोन-दोन महिने लांबायला लागला, मग एक दिवस मालकाने बोलवून हिशेब केला आणि विषय संपला. बागेचा नाद माझा नाही, आईचा. पेठेत वाड्यात होतो तेव्हा मोरीच्या पाण्यावर तिचा अळू आणि कर्दळ असायची, वाडा पाडून बिल्डिंग झाली तर तेलाच्या डब्यांना भोकं पाडून तुळस, गवती चहा, ओवा. भोकं पाडायला मी, म्हणजे या धंद्यातलं माझं पहिलं काम तेच म्हणायचं.

२०१५ च्या जूनला आम्ही सुरू केलं ते कुंडी, माती, खत, रोप असं सगळं घरपोच भरून द्यायचं. आयडिया चांगली होती, ऑर्डरी पण आल्या. फक्त कुंडीतलं सगळं विकतचं होतं आणि ते ओळखण्याची अक्कल मला नव्हती. एकाने "दोन वर्षं कुजलेलं" म्हणून दोन टेम्पो शेणखत गळ्यात मारलं. वरून काळं, आत हात घातला तर गरम, वासही येत होता, पण मला वाटलं शेणखत म्हणजे वास येणारच. आठ-दहा आठवड्यांनी फोन सुरू झाले. गुलाब उभेच्या उभे सुकतायत, पाणी आहे, ऊन आहे, तरी माना टाकतायत. एका काकूंकडे जाऊन कुंडी उपडी केली तर आत करंगळीएवढ्या पांढऱ्या जाड अळ्या, डोकं तपकिरी, अर्धचंद्रासारख्या वळून बसलेल्या. हुमणी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती येते आणि मुळंच खाते, त्यामुळे वर काहीच दिसत नाही, दिसतं तेव्हा झाड गेलेलं असतं. शेतकऱ्याच्या पोराला पण हे माहीत असतं, मला नव्हतं. बावीस घरच्या कुंड्या स्वखर्चाने बदलून दिल्या. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही फिटर होतात ना, मग तेच बरं होतं की." काय बोलणार.

शेणखताची धास्ती घेतली म्हणून दुसऱ्या वर्षी हुशारी केली, लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि मातीत भरपूर मिसळला, हलका होतो, पाणी धरतो. महिन्याभरात सगळी मेथी पिवळी. भुश्शात कर्ब भरमसाट आणि नत्र जवळजवळ नाहीच, तो कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोप उपाशी राहतं. ही गोष्ट मी कृषी महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या पोराकडून ऐकली, पिवळी मेथी फेकून दिल्यानंतर.

मध्ये सहा महिने सेंद्रिय भाजी आणून विकायचा पण उद्योग केला. ते मीच बंद केलं. कस्टमर विचारायचे सर्टिफिकेट आहे का, मी शेतकऱ्याला विचारायचो, तो म्हणायचा आपण काही मारतच नाही दादा. असेलही. पण नियमाने हंगामी पिकाला निदान दोन वर्षं रूपांतराचा काळ लागतो तेव्हा कुठे सेंद्रिय म्हणता येतं, आणि मी रोज त्याच्या शेतावर जाऊन उभा राहणार होतो का? जे आपण डोळ्याने बघितलं नाही त्याची गॅरंटी रोज सकाळी दारात उभं राहून द्यायची, मला झोप लागेना.

पाचोळ्याची गोष्ट २०१७ च्या फेब्रुवारीतली. सहकारनगरच्या एका गल्लीत सकाळी साडेसहाला झाडणाऱ्या मावशी पाल्याचा ढीग पेटवत होत्या, धूर अख्ख्या गल्लीत, आणि वरून गॅलरीतून एक साहेब ओरडत होते की पाच हजार दंड होतो माहितीय का. दंड खराच आहे, हरित लवादाने २०१६ ला उघड्यावर कचरा जाळायला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० असा लावला. पण ज्या झाडाचा पाला होता ते झाड त्यांच्याच सोसायटीचं आणि दंड मावशींनी भरायचा. मी गाडी थांबवून म्हटलं, मावशी मी नेऊ का हे? त्या म्हणाल्या, "न्या की. घंटागाडीवाला घेत न्हाई म्हणून तर पेटवती." सहा पोती भरली. घरी आल्यावर ही म्हणाली, आता कचरा पण आणायला लागलात का.

खरं म्हणजे नवीन काही नव्हतं यात. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातली, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करणारी माणसं किती वर्षं हेच सांगत होती, मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या काढून दाखवल्या होत्या. मी फक्त उशिरा पोचलो, आणि तेही दोनदा आपटून.

तर पाला. सगळा पाला सारखा नसतो हे पहिल्याच वर्षी कळलं. पर्जन्यवृक्षाचा पाला सोन्यासारखा, पान बारीक, झाड शेंगवर्गातलं, पटकन कुजतं. वड, आंबा, फणस चिवट, तसेच ठेवले तर वर्षभर पण पान ओळखू येतं. निलगिरी आम्ही घेतच नाही. सुबाभळीखालचा पाला घेतला की त्यात बिया, आणि ढीग नीट तापला नाही तर कस्टमरच्या टोमॅटोच्या कुंडीत सुबाभळीचं जंगल, हे पण झालंय. नुसत्या सुक्या पाल्यात कर्ब जास्त, ५०-६० ला एक नत्र असा काहीतरी हिशेब, कुजायला चांगलं म्हणजे २५-३० ला एक. म्हणून त्यात हिरवं काहीतरी पाहिजे, ताजं गवत, भाजीचा कचरा, गिरिपुष्पाच्या फांद्या, नाहीतर शेण. शेणाचं आम्ही नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचं जीवामृत करतो, म्हणजे जिवाणू वाढवणारं आंबवलेलं पाणी, २०० लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे गावातल्या एका गोठ्यातून शेण येतं, ताजं, म्हणजे हुमणीची भानगड नाही.

ढीग तीन फूट लांब, रुंद, उंच याच्यापेक्षा लहान केला तर उष्णता धरत नाही. मी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवतो, सकाळी ओढून हात लावायचा, धरवत नसेल तर ढीग चालू आहे. थर्मामीटर पण आहे, ५५-६० दाखवतो, पण माझा विश्वास सळईवर. ओलावा बघायचा तर मूठ दाबायची, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला पाहिजे, धार लागली तर पाणी जास्त झालं, मग घाण वास येणार आणि शेजारी येणार.

आणि इथे फिटर कामाला आला. पाला बारीक केला की जागा कमी लागते आणि लवकर कुजतो, वर्षाचं काम तीन महिन्यांवर येतं. बाजारातलं मशीन परवडत नव्हतं, म्हणून जुनी तीन एचपीची मोटर घेतली, कारखान्यातल्या मित्राकडून पाती कापून आणली आणि कटर बनवला. पहिला कटर ओल्या पाल्याने पाच मिनिटांत तुंबला, दुसऱ्याने पाला माझ्याच तोंडावर फेकला. तिसरा अजून चालतोय. धूळ मात्र भयंकर उडते, मला दम्यासारखं व्हायला लागलं होतं, आता पाण्याचा फवारा मारल्याशिवाय आणि मास्क लावल्याशिवाय कोणी मशीन सुरू करायचं नाही असा नियमच केलाय. लोकांना हेल्दी खायला घालायचं आणि आपण खोकत बसायचं, असलं नको.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात कोणी विसरणार नाही. आमची पत्र्याची शेड तेव्हा आंबिल ओढ्याच्या जवळ, भाडं कमी म्हणून. रात्री अकराला पाणी आलं आणि तासाभरात कमरेच्या वर. आमची तीन-चारशे पोती तयार खत, गेलं. मोटर गाळात. त्या रात्री ओढ्याकाठची माणसं गेली, भिंती पडून, झोपेत, त्यामुळे आमच्या पोत्यांचं दुःख तेव्हाही कोणाला सांगितलं नाही आणि आता पण जास्त लिहीत नाही. दिवाळीनंतर हिच्या बांगड्या मोडून डोणज्याच्या बाजूला उंचावर जागा घेतली, भाड्यानेच.

तिथे बस्तान बसतंय तोवर मार्च २०२०. पाल्याचा सीझन नुकताच झाला होता, ढीग लागले होते, आणि सगळं बंद. मी धरून चाललो होतो की संपलं. पण घरात बसलेल्या लोकांनी गॅलरीकडे बघायला सुरुवात केली. जूनपासून जे मेसेज सुरू झाले, कोथिंबीर येत नाही, मिरचीला मावा पडलाय, ओल्या कचऱ्यात अळ्या झाल्यात काय करू. ही रात्री बारापर्यंत उत्तरं द्यायची. धणे रगडून दोन फोडी केल्याशिवाय पेरू नका. माव्याला आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, नाही गेला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि जरा साबण, संध्याकाळी. अळ्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतील तर घाबरू नका, त्या कचरा खातात, सुका पाला घाला वर. हे शेवटचं वाक्य ती किती वेळा लिहिते सांगता येत नाही. लोकांच्या खताच्या डब्यात ओलं असतं सगळं, सुकं काहीच नाही, आणि सुकं तर खाली रस्त्यावर पडलेलं असतं. तिथून आम्ही बारीक पाल्याची पाच किलोची पिशवी विकायला काढली, खत पण नाही, नुसता पाला. सगळे हसले. आज आमची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू तीच आहे.

गच्चीच्या कामाबद्दल एक सांगायचंय, कारण यावरून भांडणं झालीयेत. एका सोसायटीचे चेअरमन काका म्हणाले, विटांचे वाफे करा, फूटभर काळी माती भरा, आमच्या गावाकडे असतंच. मी म्हटलं काका, गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या भाराला धरतात, आणि ओली माती एक फूट म्हणजे तेवढ्याच जागेत साडेचारशे-पाचशे किलो, वर विटा वेगळ्या. ते म्हणाले आमची बिल्डिंग जुनी आहे, मजबूत आहे. ते काम मी घेतलं नाही. आम्ही करतो ते पाला, चिपाड आणि थोडं खत-माती असं हलकं भरून, बीमच्या रेषेवर, खाली स्टँड, म्हणजे गळती दिसते तरी. पाला खचतो, दर तीन महिन्यांनी वरून भरावा लागतो, हे आम्ही आधीच सांगतो तरी लोक फोन करतात की माती चोरीला गेली का. पण वर पाल्याचं आच्छादन असलं की गुरुवारी पाणी बंद असलं तरी झाडं मान टाकत नाहीत.

आणि अजून एक, आमच्या खताने शुगर उतरते, बीपी जातं असलं आम्ही कधी म्हटलं नाही. चार कुंड्यांत घराची भाजी भागत नाही हो. पंचवीस-तीस दिवसांत एक जुडी मेथी मिळते, ती आपल्या हाताने खुडलेली असते आणि त्यावर काय मारलंय हे आपल्याला माहीत असतं, एवढंच. एक आजोबा रोज दोनदा जिना चढून गच्चीवर पाणी घालतात, त्यांची तब्येत सुधारली, पण ते जिन्यामुळे.

आज आम्ही दोघं धरून सात जण आहोत, दोन टेम्पो, एक अजून हप्त्यावर. रसवंतीवाल्यांकडून चिपाड येतं. अमृततुल्यवाल्यांचा चहाचा चोथा घेऊन बघितला, दूध-साखरेने मुंग्या इतक्या झाल्या की धुऊन घ्यायला लागला, सोडून दिलं.

आणि त्या मावशी. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो होतो की आमचा कच्चा माल फुकट आहे. एकदा त्यांच्यासमोरच बोललो. त्या म्हणाल्या, "फुकट कसला वं दादा? झाडतंय कोन?" त्या दिवसापासून पोत्याला दहा रुपये सुरू झाले, मग पंधरा, वीस. पैसे द्यायला लागल्यापासून पोत्यात गुटख्याच्या पुड्या आणि काचा यायच्या बंद झाल्या, मावशी स्वतः निवडतात, आणि आसपासच्या आणखी अकरा जणींना त्यांनीच जोडून दिलंय. मागच्या आठवड्यात फोन आला, यंदा पाला लवकर गळतोय, पोती पाठवा. आणि रेट बदललाय. वडा-आंब्याचा पंचवीस, पर्जन्याचा पस्तीस. मी म्हटलं मावशी, पर्जन्याचा का जास्त? म्हणाल्या, "त्यो लवकर कुजतो म्हनं. तुमीच तर त्या मॅडमला सांगत हुता."