अद्रकाचं विरजण, भर मे महिन्यात: आठवा दिवस

काल रात्री बरणीचं फडकं सोडलं आणि फस्सकन फेस काठापर्यंत चढला. जिंजर बिअरचं, म्हणजे अद्रकाच्या फसफसत्या पेयाचं, विरजण एकदाचं उठलं!

पहिली खेप वाया गेली होती. नळाचं पाणी तसंच ओतलं, आणि टाकीत त्याच सकाळी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची भुकटी) पडली होती. चार दिवस एक बुडबुडा नाही. आई दरवर्षी कुरडयांचा गहू भिजवते, तिला आंबटाचे वास कळतात. बरणी हुंगून म्हणाली, "आंबलं नाही बाप्पा, नासलं हे." फेकून दिलं.

या वेळी विहिरीचं पाणी, उकळून निववलेलं, अर्धा लिटर. त्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे किसलेलं अद्रक, सालीसकट. साल काढायची नाही, रानटी यीस्ट तिथंच बसलेलं असतं. मग रोज एकेक चमचा दोन्ही.

तिसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे दिसले, चौथ्या दिवशी थांबले. बाहेर ४४, स्वयंपाकघरात ३९. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतं. चाळिशीजवळ ते थकतं आणि आंबट करणारे जीवाणू जोर धरतात. फ्रीजमध्ये ठेवलं तर झोपून जातं. मग बरणी परातीत ठेवली, परातीत चार बोटं पाणी, बरणीभोवती ओलं बारदान, त्याची खालची कड पाण्यात बुडलेली, आणि सगळं सपरीच्या सावलीत. माठाचंच तंत्र आहे हे. आपल्याकडची हवा मेमध्ये इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि बरणी गार राहते. दुपारी दोनला थर्मामीटर बुडवून पाहिला, २९! मिरग लागल्यावर हवा दमट झाली की हे चालणार नाही.

सहाव्या दिवसापासून किसाचे कण वर तरंगायला लागले, तळाशी पांढरा साका धरला. वास गोडसर, तिखट. आईनं हुंगून नुसती मान डोलावली, मला तेवढं पुरलं.

विलायतेत 'जिंजर बिअर प्लांट' नावाचं जुनं विरजण असायचं, त्याचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये छापला. त्यांना त्यात यीस्ट आणि जीवाणू एकमेकांना धरून राहताना दिसले. आपलं विरजण वेगळं, पण नांदणं तसंच.

उद्या चार लिटर अद्रकाचा काढा, ४०० ग्रॅम साखर, पूर्ण निवल्यावर पाव लिटर विरजण. भरायचं सोड्याच्या प्लास्टिक बाटल्यांतच, काच फुटते. बाटली दाबून दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. या उन्हात एका दिवसातही होईल. बरणीत उरलेल्यावर पाव लिटर निवलेलं पाणी, साखर, किस, आणि बारदान पुन्हा ओलं.