विहीर मागितली, कमान मिळाली

"भाऊ, आमी मागतली विहीर अन् कंपनीनं बांधून देल्ली कमान. हे ठरवते कोन?" राजुरा-वणीच्या कोळसापट्ट्यात मी खाण कंपन्यांसाठी गावांचे सर्व्हे करतो, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

कायद्याचं आधी उरकतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्चायचे, आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. कोल इंडियाच्या धोरणात तर ८० टक्के रक्कम २५ किलोमीटरच्या आत लावायची, असं आहे. (जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणीनं जिल्ह्याला भरायचा, निधी वेगळा. तो कंपनीनं भरला की तिचा संबंध संपला, पुढचं जिल्हा बघतो.)

आता २५ किलोमीटर म्हणजे जवळपास दोन हजार चौरस किलोमीटर मुलूख. त्यातलं कुठलं गाव निवडायचं? इथं माझा सर्व्हे कामी यावा. येतो थोडाफार. पण बहुतेकदा माझ्याआधीच दोन गोष्टींचा हिशेब झालेला असतो: ट्रक कोण अडवू शकतं, आणि पुढच्या टप्प्यात जमीन कुणाची लागणार. कोळशाच्या रस्त्यावरचं गाव यादीत वर. आतल्या अंगाला, जिथल्या विहिरी खरोखर आटल्या, ते गाव खाली.

मग येतो मार्च. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम, चालू प्रकल्पाची नसेल, तर सरकारी निधीत भरावी लागते. म्हणून जानेवारीनंतर महिन्याभरात विकत मिळेल आणि फोटोत दिसेल अशी वस्तू शोधतात. एका गावात आरओचं मशीन पाहिलं. पत्र्याची खोली, दारावर कंपनीचा भलामोठा बोर्ड, आत नळाच्या तोटीला कोळ्याचं जाळं. वीजबिल ग्रामपंचायतीनं भरायचं की कंपनीनं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. बाया हंडे घेऊन त्याच बोर्डाखालून हातपंपावर जात होत्या. कंपनीच्या अहवालात मात्र ते काम 'पूर्ण'.

गावाचा खरा जोर चालतो तो जनसुनावणीत, म्हणजे खाणीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायच्या सरकारी सभेत, आणि तीही खाण सुरू होण्याआधी किंवा वाढवायच्या वेळी. तिथं कंपनीनं कबूल केलेलं पर्यावरण मंजुरीच्या अटींत उतरू शकतं. पण आपल्याकडे पोरांच्या नोकरीवर दोन तास भांडण होतं (तेही रास्तच), अन् पाण्याचं नाव निघेस्तोवर मंडप रिकामा. नियमानं शेवटी कामकाजाचा गोषवारा मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. तो ऐकायला दहा माणसं तरी थांबवा. 'पाण्याची सोय करू' एवढंच लिहिलं असेल तर तिथंच हात वर करून विचारा: कुठं, कधीपर्यंत, बिल कोण भरणार?

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत मिळतो, तेवढा वाचून जा.