पट्टी निघाली!

काल उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टाका नाही की इंजेक्शन नाही. थेंब घालून डोळा बधिर केला, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून घेतलं आणि तिथूनच घडी घातलेली लेन्स आत सरकवली. मला दिसला फक्त लखलखीत उजेड. खरा वैताग बाहेर, बाहुली मोठी व्हायची वाट बघत बसण्याचा!

आज रंकाळ्यावरनं रिक्षानं येताना एकेक डोळा झाकून बघितलं. डाव्यातून आभाळ चहा सांडल्यागत पिवळट, उजव्यातून निळंशार. घरात आल्यावर बायकोला विचारलं, "भिंतींना रंग कधी दिलास गं?"

आता काही आठवडे थेंब, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरनं आंघोळ बंद. तांबड्या रश्श्याचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "खावा की, फक्त डोळ्यात उडू देऊ नका!"