आज पुण्यातल्या कसब्यात मतदान करताना

“मुक्ताताई एवढ्या आजारपणात अ‍ॅम्ब्युलन्समधून मुंबईला राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार म्हणून मत द्यायला गेल्या, आणि आमच्या वाड्यातली तरणी पोरं रविवार म्हणून अजून अंथरुणात आहेत,” असे मतदान करून बाहेर आलेल्या आजी बोटावरची शाई वाळवत म्हणाल्या.

ते वाक्य दिवसभर बोचत राहिले. २२ डिसेंबर २०२२ रोजी कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक यांचे निधन झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी, या कायद्यानुसार आज, २६ फेब्रुवारी २०२३ ला, पोटनिवडणूक झाली.

एका जागेने सरकार बदलत नाही, हे मान्य. परंतु कसब्यातल्या जुन्या वाड्यांचा रखडलेला पुनर्विकास विधानसभेत पोटतिडकीने कोण मांडणार, हे आजच ठरत होते, आणि त्याच वाड्यांत राहणाऱ्यांना त्याचे काहीच वाटू नये?