संत्र्याच्या बागेतले घडीचे चाकू

जुन्या घडीच्या चाकूंवर जीव असलेल्या आमच्या मंडळींचा मेळावा दर जानेवारीत वरूडकडच्या एका संत्र्याच्या बागेत भरतो. नारळ, हार, प्रास्ताविक आणि मागचा हिशेब अर्ध्या तासात उरकतो. उरकावाच. माणसं येतात ती सतरंजीवर मांडलेल्या चाकूंसाठी.

चाकू हातोहात द्यायचा नाही, हा इथला जुना दंडक. मिटवून खाली ठेवायचा, पुढच्यानं उचलायचा. मग उघड-मीट सुरू होते. कमानीच्या चाकूला कुलूप नसतं. पातं उघडं धरून ठेवते ती पाठीमागची कमानच. तिच्या ‘खट्’ आवाजावरून जाणकार कमानीचा जोर ओळखतात. पातं आडवं हलत असेल तर लोहारकाका छोट्या ऐरणीवर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याच्या डोक्याला हलके ठोके देतात. आधी फटीत पितळेची पातळ पत्री सरकवतात, नाहीतर दोन ठोके जास्त पडले की पातं जाम. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हॉय भागात काढलेला लाकडी मुठीचा चाकूही दोघं-तिघं आणतात. पावसाळ्यात त्याची मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं. तिकडचे लोक करतात तसंच करायचं: मुठीचं टोक टेबलावर आपटायचं, पातं थोडं वर येतं. कोरड्या दिवसांत मुठीला जवसाचं तेल पाजायचं. पण ते खिळ्यात जाऊ द्यायचं नाही, वाळून राळेसारखं चिकटतं. दर वर्षी एक तरी नवा गडी नेमकं हेच करून येतो.

पण आम्ही खरे खोळंबतो ते नर्सरीवाल्या बाबांसाठी. माईक त्यांना आवडत नाही. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांतली डोळे भरायची, म्हणजे संत्र्याचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून कलम करायची कला ते उकिडवे बसूनच दाखवतात. पेन्सिलीएवढ्या जाडीचं जंबेरीचं खुंट (ज्यावर कलम करायचं ते रोप), जमिनीपासून वीतभर वर दीड इंच उभी आणि अर्धा इंच आडवी चीर. चीर सालीपुरती, लाकडात नाही. खुंटाला चार दिवस आधी पाणी दिलेलं असलं तर साल अलगद सुटते. कोरडी साल उचकटली की फाटते. मग डोळकाडीवरून, म्हणजे डोळे असलेल्या संत्र्याच्या फांदीवरून, इंचभर ढालीसारखा डोळा एकाच ओढीत काढायचा. काप आरशासारखा हवा. लहरी पडल्या तर मधे हवा राहते आणि डोळा सुकतो. म्हणून त्यांच्या पात्याला एकाच बाजूनं धार. दुसरी बाजू निसण्यावर सपाट, फक्त उलटलेला काठ काढण्यापुरती. कुणी कापाकडे बोट नेलं की ओरडतात, ‘बोट नोको लाऊ, बाप्पा!’ पट्टी बांधून झाली की चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवतात, कारण एक्सोकॉर्टिस हा रोग पात्यावरून झाडाझाडांत जातो आणि तो जाळावर मरत नाही. लगेच धुऊन, पुसून तेलाचा हात. मग चाकू मिटतो. त्या ‘खट्’ला सगळी बाग गप्प असते. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर लागला, करडा पडला तर गेला.

हे सगळं पाहायला एका तालुक्याची मंडळी (नाव घेत नाही) कधीच वेळेवर नसते. रोडगे गोवऱ्यांतून निघाले की बरोबर हजर! वर त्यांच्यापैकी कुणीतरी ग्राइंडरवर घासून चकाकवलेला चाकू मिरवतो. पातं निळं पडलेलं, म्हणजे पाणी उतरलेलं. धार टिकायची नाही. संत्र्याच्या रसानं चढलेली काळी झाक खोडू नये, लाल गंज तेवढा काढावा, हे किती वेळा सांगायचं?

आता आभार, कुणी राहायला नको. बाग देणारे मालक, सतरंज्या देणारे शाळेचे मुख्याध्यापक, ऐरण टेम्पोतून आणणारा पोरगा, वांग्याचं भरीत घालणाऱ्या तीन काकू, रोडगे लावणारे मामा, पाण्याच्या कॅन भरणारी मुलं, आणि हो, चाकू मोजून परत देणारा वहीवाला, त्याच्याविना अर्धे चाकू भलत्याच खिशात गेले असते. शिवाय मलमपट्टीचं खोकं घेऊन बसणारे कंपाउंडर. त्यांचं काम दर वर्षी पडतंच, बहुतेकदा चाकूमुळे नाही, निखाऱ्यातला रोडगा हातानं उचलल्यामुळे.