आमची वाटचाल : एका मशीनवर किती बिऱ्हाडं?

२००८ साली सांगलीत आम्ही वेबसाइट बनवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा होस्टिंगमध्ये, म्हणजे लोकांच्या साइट सर्व्हरवर भाड्यानं ठेवून द्यायच्या धंद्यात, पडायचा विचारही नव्हता. पण बेदाण्याचा व्यापारी असो की हळदीची पेढी, साइट तयार झाली की पुढचा प्रश्न ठरलेला : "आता ही ठेवायची कुठं?" मग अमेरिकेतल्या एका कंपनीचं रिसेलर खातं (त्यांची जागा घेऊन आपण पुढं विकायची) घेतलं आणि सगळ्यांच्या साइट तिथं टाकायला लागलो. पान उघडायला वेळ लागायचा, पण तेव्हाच्या इंटरनेटवर सगळीच पानं हळू उघडायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली ती मेलची. एका बेदाणा व्यापाऱ्याचे भाव दिल्लीच्या पार्टीला पोचेनात, प्रत्येक मेल परत यायची. त्याच सर्व्हरवर कुणा परक्याची साइट होती. तिच्यात घुसून कोणीतरी स्पॅम सोडत होतं. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथं, शेकडो साइटची मेल एकाच आयपी पत्त्यावरून जाते. तो पत्ता काळ्या यादीत गेला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. व्यापारी चिडून म्हणाला, "दादा, मला माझा वेगळा सर्व्हर द्या, पैशाचं बघू नका." दिला असता तर आमचं बिल कितीतरी पटीनं वाढलं असतं. पण त्याची साइट जेमतेम पाच पानांची. आम्ही फक्त मेल वेगळ्या सेवेवर नेली, साइट तिथंच ठेवली. तो अजून आमच्याकडे आहे. डेडिकेटेड, म्हणजे एकट्यासाठी अख्खा सर्व्हर, मागत येणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं असंच दुसरीकडं असतं.

पुढं गिऱ्हाईक वाढलं तसं आम्हीच एक अख्खं मशीन भाड्यानं घेतलं. बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, पण शेअर्ड विकणारा स्वतः डेडिकेटेडचाच भाडेकरू असतो. एका मशीनवर किती बिऱ्हाडं घालायची हे तो ठरवतो आणि त्याचा नफा तिथंच असतो. 'अनलिमिटेड' लिहिलेले प्लॅन बघितले की मला हसू येतं. जागा अमर्याद म्हणतात, पण फायलींची संख्या, सीपीयू, एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस यांच्या मर्यादा खाली बारीक अक्षरात असतातच.

त्या मशीनवर फिरत्या तबकडीच्या डिस्क होत्या. ७२०० आरपीएमची डिस्क इकडं-तिकडं विखुरलेला डेटा सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. रात्री सगळ्या साइट एकदम गारठायच्या. टर्मिनलवर 'टॉप' (सर्व्हरवरचा भार दाखवणारी आज्ञा) लावून बसलं की चित्र दिसायचं : सीपीयू बराचसा मोकळा, आणि 'डब्ल्यूए'चा आकडा चढत चाललेला. म्हणजे प्रोसेसर हात बांधून डिस्कची वाट बघतोय. कारण कुणा एकाच्या वर्डप्रेसचं बॅकअप प्लगइन सगळे फोटो झिप करत बसलेलं. एका बिऱ्हाडानं मोटर लावली की बाकीच्यांच्या नळाला पाणी नाही, अशी गत. तबकडी नसलेल्या वेगवान एसएसडी डिस्क आल्या, क्लाउडलिनक्स या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं प्रत्येक खात्याला सीपीयू, मेमरी आणि डिस्कची हद्द आखून दिली, तेव्हा हे थांबलं. आता जो जास्त ओढतो त्याचीच साइट '५०८' (वाट्याची हद्द संपल्याचा एरर) दाखवते, शेजाऱ्याला कळतही नाही. शेअर्डबद्दलची जुनी भीती अजून ऐकायला मिळते, पण ती बरीचशी त्या काळातली आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या ऑफिसात पाणी शिरलं, आम्ही मिरजेत एका नातेवाइकांकडं बसून काम करत होतो. साइट मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये होत्या, त्यांना काही झालं नाही. एका कारखानदाराचा मात्र 'डेडिकेटेड' सर्व्हर त्याच्याच तळमजल्यावरच्या ऑफिसात टेबलाखाली होता. बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात.

खरंच अख्खं मशीन लागलं ते एका दूध संघाला. सकाळी आणि संध्याकाळी गावोगावची संकलन केंद्रं एकाच तासा-दोन तासांत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) भरतात. बाकी दिवस सर्व्हर झोपलेला. शेअर्डवर त्या वेळी '५०८' यायचा, म्हणून व्हीपीएसवर, म्हणजे एका मशीनचे आभासी भाग पाडून दिलेल्या वेगळ्या सर्व्हरवर, नेलं. काही महिने बरं चाललं. पण दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं निघतात, आणि त्याच सुमारास संध्याकाळचं संकलन सुरू झालं की सगळं अडायचं. 'टॉप'मध्ये या वेळी 'एसटी'चा आकडा वर : आपल्या वाट्याचा सीपीयू त्याच मशीनवरची दुसरी कुणाची तरी व्हीपीएस खातेय. व्हीपीएसमध्ये शेजारी दिसत नाही, पण असतो. शेवटी ६४ जीबी रॅम आणि आरशासारख्या जोडलेल्या (दोन्हींवर तोच डेटा) दोन अतिवेगवान एनव्हीएमई डिस्कचं मशीन घेतलं. डेटाबेस जवळपास सगळा मेमरीत बसला आणि बिलं संकलनाच्या आड येईनाशी झाली.

मात्र आम्ही संघाच्या सचिवांना आधीच सांगितलं होतं : "साहेब, मशीनचं भाडं एक आणि ते सांभाळायचं एक." जोडीतली एक डिस्क गेली तरी काम चालतं, पण चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकदम जाते, तिला वेगळा बॅकअपच लागतो. ३० जून २०२४ ला सर्व्हरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार (अपडेट) संपला, तेव्हा आमच्या शेअर्ड गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही, आम्हीच त्यांना रातोरात हलवलं. डेडिकेटेडवाल्या प्रत्येकाशी मात्र वेळ ठरवणं, जुनं सॉफ्टवेअर तपासणं, कुणाच्या प्रोग्रामरला शोधून काढणं यात महिने गेले.

हल्ली नवा माणूस डेडिकेटेड मागत आला की आम्ही आधी महिनाभराचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी, मागतो. एक कॉलेज दर जूनमध्ये गुणवत्ता यादीसाठी विचारतं. त्यांची यादी आम्ही साध्या एचटीएमएल पानावर टाकतो, शेअर्डवर निभावतं. दूध संघाला दुसऱ्या शहरात एक जादा मशीन हवं असं आमचं म्हणणं आहे. प्रस्ताव दिलाय, संचालक मंडळाच्या बैठकीची वाट बघतोय.